पॉवर स्टिअरिंग आणि सस्पेन्शनसाठी योग्य ऑइल कसे निवडावे : नवख्या वाहनमालकांसाठी

काही वर्षांपूर्वी मी युरोपीय बनावटीची एक जुनी सेडान विकत घेतली. गाडी चांगली होती, फक्त स्टिअरिंगच्या डब्यातले ऑइल थोडे खाली गेले होते. घराजवळच्या एका गॅरेजमध्ये गाडी नेली, तेव्हा तिथल्या मुलाने काही न विचारता लाल ऑइलचा कॅन उघडला, अर्धा पाव लिटर आत ओतले आणि झाकण लावून टाकले. डब्यातले मूळ ऑइल हिरवे होते हे मी पाहिले होते, पण "चालतं हो, सगळं एकच असतं" हे त्याचे वाक्य ऐकून मीही गप्प बसलो. दोनेक महिन्यांनी नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट चढताना प्रत्येक वळणावर बॉनेटखालून कण्हल्यासारखा आवाज येऊ लागला. पुढे चाके वळवणाऱ्या स्टिअरिंग रॅकच्या रबरी बुटातून ऑइल ठिबकू लागले आणि शेवटी रॅकची सील बदलावी लागली. हे सारे त्या अर्धा पाव लिटरमुळेच झाले असे मी शपथेवर सांगणार नाही, कारण गाडी मुळातच जुनी होती. पण ज्या दुसऱ्या मिस्त्रीने काम केले, त्याने रॉकेलच्या चिंधीने डब्याचे झाकण पुसले आणि त्यावरची उठावदार अक्षरे मला वाचायला लावली. कोणते ऑइल घालायचे ते तिथे स्पष्ट लिहिलेले होते, आणि इतके महिने मी ते एकदाही वाचले नव्हते.

स्टिअरिंगचे ऑइल गाडीचा ब्रँड, ऑइलचा रंग किंवा मिस्त्रीची सवय पाहून निवडायचे नसते. ते आतल्या पंपाच्या आणि रबरी सीलच्या मापाने ठरलेले असते, आणि ते माप कंपनीने लिहून ठेवलेले असते. ते कुठे शोधायचे, कसे वाचायचे आणि कुठे फसगत होते, ते पुढे क्रमाने दिले आहे.

१. आधी तुमच्या गाडीत असे ऑइल आहे का ते पाहा

हे हास्यास्पद वाटेल, पण स्टिअरिंग ऑइल बदलून घ्यायला निघालेल्यांपैकी अनेकांच्या गाडीत ते ऑइलच नसते. आजच्या बहुतेक लहान मोटारींत इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग असते. त्यात स्टिअरिंगच्या दांड्यावर किंवा रॅकवर विजेची मोटर बसवलेली असते आणि डबा, पंप, पाइप यांपैकी काहीही नसते. अशा गाडीचे स्टिअरिंग जड झाले तर दोष बॅटरीत, वायरिंगमध्ये, सेन्सरमध्ये किंवा टायरच्या हवेत शोधावा. त्या गाडीचे "स्टिअरिंग ऑइल बदलले" असे बिल कोणी हातात दिले, तर आधी डबा दाखवायला सांगावे.

बोलेरो, जुनी स्कॉर्पिओ, जुनी इनोव्हा अशा गाड्यांत आणि जवळजवळ सर्व ट्रक-बसमध्ये मात्र हायड्रॉलिक स्टिअरिंग असते. इंजिनच्या बेल्टवर फिरणारा पंप ऑइल दाबाने रॅककडे किंवा स्टिअरिंग बॉक्सकडे पाठवतो. मोटारींत हा दाब साधारण ८० ते १२० बारपर्यंत जातो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या चाळीस-पन्नास पट. जुन्या डस्टरसारख्या काही गाड्यांत तिसरा प्रकार आढळतो. तिथे पंप असतो, पण तो बेल्टऐवजी स्वतंत्र विजेच्या मोटरवर चालतो. बेल्ट दिसला नाही म्हणून ऑइल नाही असे समजू नये. डबा बंपरच्या मागे किंवा हेडलाइटखाली दडलेला असू शकतो.

२. कागदपत्रे आणि साहित्य जमवा

दुकानात जाण्यापूर्वी पुढील गोष्टी हाताशी ठेवाव्यात :

- गाडीचे मालक-पुस्तक, म्हणजे ओनर्स मॅन्युअल. शेवटच्या भागात ऑइल आणि क्षमता यांचा तक्ता असतो.
- आरसी बुक किंवा आरसी कार्ड. त्यावरील उत्पादनाचा महिना आणि वर्ष महत्त्वाचे, कारण मॉडेलचे नाव तेच राहून मधल्या एखाद्या वर्षी स्टिअरिंगचा प्रकार बदललेला असू शकतो.
- १७ अक्षरी चासी नंबर. अधिकृत डीलरच्या सुट्या भागांच्या काउंटरवर त्यावरून नेमका ऑइलचा पार्ट नंबर निघतो.
- डब्याच्या झाकणाचा, अक्षरे वाचता येतील असा फोटो.
- मागील दुरुस्त्यांची बिले, असतील तर.

काम स्वतः करणार असाल तर जॅक, दोन भक्कम स्टँड, मागच्या चाकांना लावायला दगड किंवा लाकडी ठोकळे, मोठी सिरिंज, नरसाळे, पक्कड, पारदर्शक बाटली, हातमोजे आणि भरपूर चिंध्या लागतात. नरसाळे नवे किंवा फक्त याच कामाचे असावे. कूलंटचे किंवा इंजिन ऑइलचे नरसाळे पुसून वापरू नये.

सेकंडहँड गाडीचे मॅन्युअल बहुधा आधीच्या मालकाच्या कपाटातच राहिलेले असते. बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळावर ते उतरवून घेता येते, आणि त्यासाठी घालवलेली दहा मिनिटे वाया जात नाहीत.

३. झाकणावरचे आणि पुस्तकातले नाव समजून घ्या

भारतात रोज दिसणारी कुळे साधारण तीन-चारच आहेत.

पहिले आणि सर्वांत मोठे कूळ एटीएफचे, म्हणजे मुळात ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी बनलेल्या ऑइलचे. झाकणावर "डेक्सरॉन २", "डेक्सरॉन ३" किंवा नुसते "एटीएफ" असे लिहिलेले असते. डेक्सरॉन हे जनरल मोटर्सचे नाव आहे. इनोव्हाच्या आणि इतर अनेक जपानी गाड्यांच्या पुस्तकात डेक्सरॉन २ किंवा ३ सांगितलेले असते, आणि आपल्याकडच्या बहुतेक ट्रकच्या स्टिअरिंगमध्येही एटीएफच चालते. इथे एक बारकावा आहे. जनरल मोटर्सने डेक्सरॉन ३चे परवाने २००६ अखेर बंद केले. त्यामुळे आज डेक्सरॉन ३ म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅनच्या मागच्या लेबलवर "डेक्सरॉन ३ची गरज असलेल्या प्रणालींसाठी योग्य" अशा अर्थाचा मजकूर असतो, आणि त्याची हमी केवळ ऑइल बनवणाऱ्या कंपनीची असते. म्हणून हे ऑइल नामांकित कंपनीचे आणि सीलबंद कॅनमधलेच घ्यावे. डेक्सरॉन ६ हे त्यानंतरचे आणि काहीसे पातळ ऑइल आहे. पुस्तकात त्याचा उल्लेख नसेल तर जुन्या, झिजलेल्या पंपात ते नवे म्हणून चांगले असेल, असे समजून घालू नये.

दुसरे कूळ सीएचएफचे, म्हणजे केंद्रीय हायड्रॉलिक प्रणालीसाठी बनलेल्या हिरव्या सिंथेटिक ऑइलचे. सीएचएफ ११एस आणि सीएचएफ २०२ ही त्यातली प्रचलित नावे. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांच्या झाकणावर हे "जी ००२ ०००" किंवा "जी ००४ ०००" अशा क्रमांकाने लिहिलेले असते. माझ्या गाडीवर असाच क्रमांक होता. ४० अंश सेल्सिअसला सीएचएफ ११एसची विष्यंदिता, म्हणजे दाटपणा, १८-१९ सेंटिस्टोक्सच्या आसपास असतो, तर डेक्सरॉन ३चा जवळपास त्याच्या दुप्पट. पातळ ऑइल गृहीत धरून बसवलेल्या पंपाला दाट ऑइल ओढायला लावले, तर विशेषतः थंडीच्या सकाळी पंप कण्हतो. निफाडच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत गाडी उघड्यावर राहत असेल तर हा फरक कानांना कळतो.

तिसरे कूळ कंपनीच्या स्वतःच्या ऑइलचे. जुन्या होंडा गाड्यांसाठी होंडा पीएसएफ, म्हणजे पॉवर स्टिअरिंग फ्लुइड असते, आणि होंडाचे पुस्तक एटीएफ वापरू नये असे स्पष्ट बजावते. सँट्रोसारख्या जुन्या हुंडाई गाड्यांसाठी पीएसएफ ३ आणि पुढच्या काही मॉडेलांसाठी पीएसएफ ४ सांगितलेले असते. ही दोन्ही एकमेकांच्या जागी वापरू नयेत; आकडा पाहूनच कॅन घ्यावा.

ट्रॅक्टरचे गणित निराळे असते. आपल्याकडे द्राक्षबागेत फिरणाऱ्या लहान ट्रॅक्टरांपैकी काहींच्या स्टिअरिंगला स्वतंत्र टाकी असते, तर काहींत गिअरबॉक्स, लिफ्ट आणि स्टिअरिंग यांचे ऑइल एकच असते. त्यामुळे ट्रॅक्टरच्या बाबतीत मोटारीचा अनुभव बाजूला ठेवून त्याच्याच पुस्तकावर विसंबावे.

४. या चार सापळ्यांपासून दूर राहा

रंगाचा सापळा सर्वांत जुना आहे. रंग हा ऑइलमध्ये मुद्दाम मिसळलेला असतो. तो गुणधर्म नव्हे. लाल दिसणारे प्रत्येक ऑइल एटीएफ नसते, आणि सीएचएफ हिरवे असते तसे अनेक गाड्यांचे कूलंटही हिरवेच असते. दोन्ही डबे शेजारी-शेजारी असलेल्या गाडीत कूलंट स्टिअरिंगच्या डब्यात गेलेले मी पाहिले आहे.

दुसरा सापळा खास आपल्या नाशिकचा. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्या कोणाकडे तरी मशीनचे हायड्रॉलिक ऑइल असतेच. माझ्या एका मित्राने अगदी मनापासून सांगितले होते, "अरे, आमच्या प्रेसचं नवं कोरं ऑइल आहे, हायड्रॉलिक म्हणजे हायड्रॉलिक!" ते ऑइल उत्तम होते, पण प्रेससाठी. त्याच्या बॅरलवर आयएसओ व्हीजी ६८ असे लिहिले होते, आणि त्यातला ६८ हा आकडा म्हणजे ४० अंशांना असलेली त्याची विष्यंदिता. एटीएफच्या जवळपास दुप्पट आणि सीएचएफच्या साडेतीन पट. टिपरचा हौदा उचलणाऱ्या जॅकला आयएसओ व्हीजी ४६ किंवा ६८ लागू शकते, पण त्याच टिपरच्या स्टिअरिंगच्या टाकीत ते घालू नये.

तिसरा सापळा सर्वांत घातक आहे, आणि तो म्हणजे ब्रेक ऑइल. डॉट ३ आणि डॉट ४ ही ब्रेक ऑइले ग्लायकॉल प्रकारची असतात आणि ब्रेकमधली सील त्यांना सोसणाऱ्या ईपीडीएम रबराची असतात. स्टिअरिंगमधली सील सहसा नायट्राइल रबराची असतात, जे खनिज ऑइल सोसते. ब्रेक ऑइल स्टिअरिंगमध्ये गेले तर नायट्राइल सील फुगतात आणि मऊ पडतात. उलट चूक त्याहून वाईट, कारण स्टिअरिंगचे ऑइल ब्रेकच्या डब्यात गेले तर ब्रेकची सील फुगून ब्रेकच निकामी होऊ शकतात. अशी चूक लक्षात आली तर इंजिन सुरू करू नये, ब्रेक दाबून पाहू नये आणि गाडी टो करूनच न्यावी.

चौथा सापळा गळती थांबवणाऱ्या बाटलीचा. ही रसायने सील थोडी फुगवून गळती तात्पुरती कमी करतात. गाडी विकण्यापूर्वी अशी बाटली ओतणारे महाभाग असतात, एवढे सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

५. डब्यात सध्या काय आहे ते तपासा

गाडी सपाट जागी उभी करावी. झाकण उघडण्यापूर्वी भोवतीची धूळ पुसावी, कारण आत पडलेला एक खडाही पंपाच्या पात्यांपर्यंत पोहोचतो. बऱ्याच झाकणांच्या काडीवर गार आणि गरम अशा दोन वेगळ्या खुणा असतात. गाडी चालवून आल्यावर गार खुणेशी तुलना करून ऑइल जास्त झाले असा समज करून घेऊ नये.

पांढऱ्या टिश्यूवर एक थेंब टाकून दहा मिनिटे ठेवावा. थेंब पसरून कडा स्वच्छ राहिल्या तर ऑइल ठीक आहे. मधोमध काळा ठिपका राहिला तर आतल्या पाइपांचे रबर किंवा झीज त्यात उतरली आहे. दुधट, फेसाळ ऑइल दिसले तर आत हवा किंवा पाणी शिरले आहे, आणि जळका वास आला तर ऑइल तापून गेले आहे. डब्यात काय घातले आहे याची खात्री नसेल, तर टॉप-अप करण्यापेक्षा सगळे ऑइल काढून योग्य ऑइल भरणे स्वस्त पडते, कारण मोटारीच्या पूर्ण प्रणालीत मिळून साधारण एक लिटरच ऑइल असते.

६. खरेदी

द्वारका आणि मुंबई नाक्याच्या परिसरातील सुट्या भागांच्या दुकानांत एटीएफ सहज मिळते. सीएचएफसाठी किंवा कंपनीच्या पीएसएफसाठी मात्र बहुधा डीलरचे काउंटर गाठावे लागते किंवा दुकानदाराला मागवायला सांगावे लागते, आणि ते एटीएफपेक्षा बरेच महाग असते. दुकानदार "हे त्याच्याच बरोबरीचं आहे" असे म्हणाला, तर कॅनच्या मागच्या बाजूला तुमच्या झाकणावरचा नेमका क्रमांक छापला आहे का ते पाहावे. छापला असेल तर दुसऱ्या ब्रँडचे ऑइल निःशंक घ्यावे. नसेल तर दुकानदार कितीही जुन्या ओळखीचा असला तरी घेऊ नये. सुटे, मापून दिलेले ऑइल टाळावे. बिल घ्यावे आणि धुऊन काढण्यासाठी लागेल म्हणून गरजेपेक्षा एक लिटर जास्त आणावे.

७. ऑइल बदलणे

हे काम बेल्टवर चालणाऱ्या पंपाच्या मोटारींपुरते सांगतो आहे. विजेच्या पंपाच्या गाडीत हवा काढण्याची पद्धत वेगळी असू शकते, ती वर्कशॉपमध्येच करून घ्यावी.

मागच्या चाकांना अडण लावून पुढची दोन्ही चाके उचलावीत आणि गाडी स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकवर ठेवून खाली हात घालू नये. सिरिंजने डब्यातले ऑइल काढून घ्यावे. डब्याला येणारे दोन पाइप असतात. त्यातला परतीचा, म्हणजे क्लिपने बसवलेला कमी दाबाचा पाइप काढून बाटलीत सोडावा आणि डब्याचे ते तोंड बंद करावे. मग इंजिन बंद ठेवून, फक्त स्टिअरिंग लॉक सुटेल इतकी किल्ली फिरवून, एकाने स्टिअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे आणि दुसऱ्याने डब्यात नवे ऑइल ओतत राहावे. डबा एकदाही रिकामा होऊ देऊ नये, कारण तिथून पंपात हवा शिरते आणि ती काढताना जीव जातो. माझ्या वेळी पहिले अर्धा लिटर गढूळ तपकिरी आले, त्यानंतर रंग उजळत गेला आणि शेवटच्या पावशेरात पाइपमधून नव्या ऑइलसारखा स्वच्छ हिरवा धागा पडू लागला, तेव्हा थांबलो.

पाइप पूर्ववत बसवून, डबा खुणेपर्यंत भरून, इंजिन बंद असतानाच स्टिअरिंग आणखी दहा-पंधरा वेळा फिरवावे. बुडबुडे थांबले की इंजिन सुरू करून पुन्हा सावकाश फिरवावे. टोकाला नेऊन धरून ठेवू नये. टोकाला दाब सर्वाधिक होतो, पंपाचा जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि तेच ऑइल तिथल्या तिथे फिरून झपाट्याने तापते. पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ कधीच धरू नये, आणि हे रोजच्या पार्किंगमध्येही पाळावे. ऑइल फेसाळलेले दिसले तर इंजिन बंद करून अर्धा तास थांबावे आणि मग पुन्हा पातळी पाहावी.

८. सस्पेन्शनचे काय?

इथे नवख्यांचा सर्वाधिक गोंधळ होतो. साध्या मोटारीच्या शॉकअपमध्ये ऑइल असते, पण ते कारखान्यात भरून बंद केलेले असते. शॉकअप ओला दिसला तर त्यात ऑइल भरायचे नसते, शॉकअपच बदलायचा असतो, तोही एका अक्षावरचे दोन्ही. "ऑइल भरून रिपेअर" झालेले शॉकअप थोडे दिवस बरे वाटतात, नंतर खड्ड्यात गाडी पुन्हा नौकेसारखी डुलू लागते. हवेच्या सस्पेन्शनच्या बसमध्येही ऑइल भरायचा प्रश्न नाही, कारण तिथे भार हवेच्या पिशव्यांवर असतो आणि शॉकअप बंदच असतात.

सस्पेन्शनमध्ये ऑइल खरोखर भरावे लागते अशा गाड्या मोजक्याच. टोयोटाच्या काही लँड क्रूझरमध्ये एएचसी नावाची उंची बदलणारी प्रणाली आहे, तिच्यासाठी टोयोटाचेच एएचसी ऑइल लागते. मर्सिडीजच्या सक्रिय सस्पेन्शनच्या गाड्यांना सीएचएफ कुळातले ऑइल लागते. या विषयाचा इतिहास मात्र सित्रोएन या फ्रेंच कंपनीने घडवला. १९५५ सालच्या त्यांच्या डीएस मोटारीत सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि ब्रेक हे सगळे एकाच हायड्रॉलिक प्रणालीवर चालत. सुरुवातीचे त्यांचे लाल ऑइल हवेतले पाणी शोषून घेई, म्हणून १९६०च्या दशकात एलएचएम हे हिरवे खनिज ऑइल आले आणि त्याबरोबर सगळी सीलही बदलली. लाल ऑइलच्या जुन्या गाडीत हिरवे किंवा हिरव्या ऑइलच्या गाडीत लाल ऑइल घातले, तर सीलची वाट लागे. भारतात विकल्या गेलेल्या सित्रोएन सी५ एअरक्रॉसच्या सस्पेन्शनची "हायड्रॉलिक कुशन" म्हणून जाहिरात झाली, पण ती बंद शॉकअपमधली रचना आहे. तिच्यात बाहेरून भरायचे ऑइल नसते.

मोटारसायकलच्या पुढच्या फोर्कमध्ये मात्र ऑइल बदलता येते आणि ठरावीक अंतराने बदलायलाच हवे. फोर्क ऑइलवरचे ५, १०, १५ हे "वेट"चे आकडे एका कंपनीचे दुसऱ्या कंपनीशी जुळतीलच असे नाही. म्हणून कॅनवरील ४० अंशांचा सेंटिस्टोक्सचा आकडा पुस्तकाशी ताडून पाहावा. फोर्कच्या दोन्ही पायांत ऑइल सारखेच भरावे. वरची टोपी सोडवताना आतली स्प्रिंग दाबाखाली असते. टोपीवर तोंड वाकवून ती फिरवू नये.

९. जुने ऑइल आणि नंतरची नोंद

काढलेले ऑइल गटारात किंवा शेताच्या बांधावर ओतू नये. वापरलेले ऑइल २०१६च्या धोकादायक कचरा नियमांखाली येते. ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून, जुने ऑइल गोळा करणाऱ्याला देणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन द्यावे. ब्रेक ऑइल आणि कूलंट त्यात मिसळू नये.

ऑइल बदलल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर गार गाडीत पातळी पुन्हा पाहावी आणि गाडी रात्रभर उभी राहते तिथे एक पुठ्ठा अंथरून ठेवावा. सकाळी त्यावर डाग दिसला तर कोणत्या जोडातून ठिबकते ते लगेच कळते. घातलेल्या ऑइलचे पूर्ण नाव, क्रमांक, तारीख आणि किलोमीटर कागदावर लिहून तो कागद पारदर्शक चिकटपट्टीने बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवावा. माझ्या सेडानमध्ये तो कागद आता तपकिरी पडला आहे, पण मागच्या महिन्यात दुसऱ्या एका गॅरेजमध्ये लाल कॅन हातात घेऊन आलेला मुलगा तो वाचून मुकाट्याने परत गेला.